सतरा नंबरचं शून्य

सतरा नंबरचा रुग्ण इतक्या झपाट्याने बरा होत होता, की डॉक्टरांना काळजी वाटू लागली.

डॉक्टर मज्जातंतूंचे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्राला भिंत लावून असलेल्या खोलीत, गेली नऊ वर्षं ते एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागले होते. नसेला इजा होते, जखम भरते, टाके निघतात, वर नवी कातडी येते. तरीही माणूस वर्षानुवर्षं दुखतं म्हणून का ओरडतो? डॉक्टरांचं म्हणणं असं, की इजा झालेली नस दाराच्या बिघडलेल्या घंटेसारखी असते. बाहेर चिटपाखरू नसतं, तरी ती वाजते, आणि आतली माणसं दार उघडून उघडून थकतात. ही घंटा गप्प करणारं इंजेक्शन त्यांनी खटपटीने तयार केलं होतं. नसेच्या शेजारी टोचायचं, दर तीन आठवड्यांनी एक, अशी चार. चाळीस रुग्ण होते. प्रत्येकाने रोज सकाळ-संध्याकाळ एका वहीत आपल्या वेदनेचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य.

बहुतेकांची तीन इंजेक्शनं झाली होती आणि शुक्रवारी पाचच्या आत रुग्णालयाच्या संशोधन मंडळाला एकपानी अहवाल द्यायचा होता. त्या पानावर दोन चौकोन होते: ‘परिणामकारक’ आणि ‘परिणामशून्य’. पहिल्यात खूण केली, तर इंजेक्शन पुढच्या मोठ्या चाचणीला जाणार होतं. दुसऱ्यात केली, किंवा कुठेच केली नाही, तर काम बंद आणि खोली झोपेच्या विकारांवर संशोधन करणाऱ्यांना. ते येऊन पडद्यांची मापंही घेऊन गेले होते.

सोमवारी सकाळी आकडेवाल्या बाई आल्या. या बाई रुग्णालयातल्या सगळ्या संशोधनांचे हिशेब तपासून द्यायच्या आणि कोणाच्याही आनंदात सहभागी व्हायच्या नाहीत.

“अभिनंदन म्हणू का नको, ते ठरत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“तुमचं इंजेक्शन परिणामकारक आहे. पण केसाच्या अंतराने. आणि तो केस सतरा नंबरचा आहे. हा माणूस पहिल्या दिवशी सात होता, आता एकवर आलाय. बाकीचे आपले इकडे अर्धा, तिकडे अर्धा. याला काढलं, की तुमचं काहीच सिद्ध होत नाही.”

“काढायचा कशाला? चांगला बरा होतोय.”

“मी कुठे काढा म्हणतेय? मी फक्त सांगतेय, की अख्खं घर एका खुंटीवर टांगलंय.”

आता गंमत अशी, की या खुंटीबद्दल डॉक्टरांना आधीपासूनच धाकधूक होती. सतरा नंबर म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासणारे. दोन वर्षांपूर्वी एका गोदामात मोठ्या काट्याची लोखंडी पाटी उजव्या मनगटावर पडली. हाड सांधलं, नस मात्र रुसली ती रुसलीच. वही ठेवावी तर या माणसाने. खाडाखोड नाही, आकडे छापल्यासारखे, वेळ मिनिटापर्यंत. पण दर तपासणीला डॉक्टर त्यांच्या तळहातावरून कापसाचा बोळा नुसता फिरवायचे आणि निरीक्षक खुर्चीतून वीतभर वर उडायचे. डोळ्यांत पाणी यायचं. मग रुमालाने डोळे पुसून ते शांतपणे सांगायचे, “एक.”

“एक?”

“फार तर सव्वा. पण तुमच्या वहीत सव्वा बसत नाही.”

डॉक्टर बुचकळ्यात पडायचे. मात्र ते शास्त्रज्ञ होते, आणि शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडून राहत नाही. तो सिद्धान्त मांडतो. डॉक्टरांनी अकरा पानांचा सिद्धान्त मांडला होता. त्याचा मथितार्थ असा, की या इंजेक्शनने मेंदूत वेदना आणि वेदनेची तक्रार यांची फारकत होते. शरीर उडतं, डोळे वाहतात, पण आत बसलेल्या माणसाला त्याचं काही नसतं. अशी अवस्था यापूर्वी कोणी पाहिलेली नव्हती. तिला काय नाव द्यावं याची यादीसुद्धा डॉक्टरांनी केली होती, आणि यादीत शेवटी, पेन्सिलीने, पुसता येईल असं, त्यांचं स्वतःचं आडनाव होतं.

मंगळवारी निरीक्षक तपासणीला आले. नेहमी एकटे यायचे. या वेळी मागोमाग त्यांची बायकोही आत शिरली आणि कोणी बसा म्हणायच्या आत बसली.

“डॉक्टर, हे बरे झालेत का?”

“वहिनी, आकडे तर तसंच म्हणतात.”

“आकडे आमच्या घरी राहत नाहीत. मी राहते. हा माणूस उजव्या हातावर पंख्याचा वारा आला तरी कळवळतो. पांघरूण लागलं तर उठून बसतो. आणि मी विचारलं, की म्हणतो, एक!”

“मग एक असेल तर एकच सांगणार,” निरीक्षक म्हणाले. “तू म्हणतेस म्हणून वाढवून सांगू? उभ्या आयुष्यात माप वाढवलं नाही मी.”

डॉक्टर खुर्ची ओढून पुढे सरकले. सिद्धान्त डोळ्यांसमोर साकार होताना दिसत होता. “साहेब, नीट सांगा. कापूस लागतो तेव्हा आत काय होतं? दुखतं, पण दुःख वाटत नाही, असं काही?”

“छे! दुखतं की. भयंकर दुखतं.”

“भयंकर म्हणजे किती?”

“म्हणजे एकूण?”

“एकूण म्हणजे काय?” डॉक्टरांनी विचारलं, आणि हा प्रश्न आपण दोन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता, अशी शंका त्यांना आली.

निरीक्षकांनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढली. “डॉक्टरसाहेब, दुकानदार तूप मोजतो. डब्यासकट काट्यावर ठेवतो. आता डब्याचं वजन वजा केलं नाही तर ती काय झाली? लबाडी. आम्ही त्याच्यावर खटला भरतो. म्हणून आधी रिकामा डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग माल. तसं मी रोज सकाळी उठलो, की आधी हात स्थिर ठेवून बघतो, मुळात किती दुखतंय. ते इथे लिहितो. ते झालं आमचं शून्य. मग दिवसभरात त्याच्या वर जे काही चढेल, ते तुमच्या वहीत. निव्वळ.”

भिंतीपलीकडे लिफ्टचं यंत्र कण्हत होतं.

“म्हणजे,” डॉक्टर म्हणाले, “सकाळी उठल्याबरोबर जे दुखतं...”

“ते मूळचं. त्यात तुमच्या इंजेक्शनाचा काय दोष? ते तुमच्या नावावर घातलं तर तुमच्यावर अन्याय नाही का?”

“आणि आज सकाळी ते मूळचं किती होतं?”

निरीक्षकांनी डायरी चाळली. “आठ.”

“आणि पहिल्या इंजेक्शनच्या वेळी?”

“पाच. वर दोन. तेव्हा तुम्ही तोंडी विचारलं होतंत, तयारी नव्हती, म्हणून डब्यासकट सात सांगून मोकळा झालो. नंतर माझं मलाच लागून राहिलं.”

“बघा!” बायको म्हणाली. “चांगलं नऊ झालंय आणि हा माणूस मला एक सांगतोय!”

“निव्वळ एक.”

“निव्वळ काय घेऊन बसलात? मी निव्वळ तुमच्याबरोबर राहते का? डब्यासकट राहते!”

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. अकरा पानांचा सिद्धान्त टेबलाच्या खणात होता. त्यांनी गुडघ्याने खण आणखी आत ढकलला. “म्हणजे साहेब, इंजेक्शननं तुमचं दुखणं वाढलं.”

“तसंही नाही म्हणता येणार,” निरीक्षक विचार करत म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाला अंत नव्हता. “पूर्वी मी ढोबळ बघायचो. आता रोज बारकाईने मोजतो, म्हणून जास्त सापडतं. तुम्ही एखाद्या बाजारात कडक तपासणी सुरू केलीत, की खोटी मापं वाढल्यासारखी दिसतात. ती आधीपासून असतातच.”

“मग इंजेक्शनाचा उपयोग होतोय का नाही?”

“ते तुम्ही सांगायचं. मी फक्त मापं देतो.” उठता उठता त्यांना काहीतरी आठवलं. “एक विचारू? आमच्या कचेरीत काचेच्या पेटीत एक किलोचं अस्सल वजन ठेवलेलं असतं. त्याच्याशी सगळी वजनं पडताळतात. तसं तुमचं दहा कुठे ठेवलंय?”

डॉक्टरांनी नकळत कपाटाकडे पाहिलं. कपाटात वह्या होत्या.

दुपारी आकडेवाल्या बाईंनी नवे आकडे घातले आणि चष्मा काढून ठेवला. “हे बघा. निरीक्षकांचा निव्वळ आकडा धरला तर तुमचं इंजेक्शन परिणामकारक. निरीक्षकांना काढलं तर परिणामशून्य. आणि डब्यासकट धरलं तर किंचित अपायकारक. काय आवडेल ते घ्या.”

“बाई, खरं काय ते हवंय.”

“ते माझ्याकडे नसतं. माझ्याकडे तुम्ही देता तेच असतं.” मग जरा मऊ होऊन त्या म्हणाल्या, “उरलेल्या एकोणचाळीस जणांनी शून्य कशाला म्हटलंय, ते विचारलंत का?”

न विचारून सुटका नव्हती. बुधवार आणि गुरुवार असे दोन दिवस डॉक्टर फोन करत राहिले आणि त्यांच्या नाकीनऊ आले. एका निवृत्त शिक्षिकेने दोन महिने सातच्या वर आकडा लिहिलाच नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत तिने दहापैकी सातच्या वर कोणालाच दिले नव्हते, मग वेदनेने असा काय पराक्रम केला होता? एक ट्रकचालक रोज पाच लिहायचा, कारण पाच मधोमध होता आणि त्याला वाद नको होता. एका आजोबांनी दहा राखून ठेवला होता. “आज दहा लिहिला आणि उद्या याच्याहून जास्त दुखलं, तर कुठे जाऊ?” ते म्हणाले. सगळ्यांत जिव्हारी लागली ती नऊ नंबरची, हाताची नस दुखावलेली, शिवणकाम करणारी बाई. तिचे आकडे सहावरून चारवर आले होते. “अहो, तुम्ही इतक्या आशेने विचारता,” ती म्हणाली, “सहा सांगायचा जीवच होत नाही.”

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर आपल्या चाळीस वह्यांपुढे बसले. नऊ वर्षं. या वह्यांत इंजेक्शनाचा उपयोग होतो असं नव्हतं आणि होत नाही असंही नव्हतं. तिथे चाळीस माणसं आपापल्या स्वभावाला आकडे देऊन मोकळी झाली होती. मंडळापुढे ‘परिणामकारक’ म्हणणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी खोटं बोलणं. ‘परिणामशून्य’ म्हणणं हेही खोटंच, फक्त जरा सोज्वळ. त्यांनी सोज्वळ निवडलं. दुसऱ्या चौकोनात फिकट, पेन्सिलीने, खूण केली, आणि शाईने गिरवायचं काम शुक्रवारवर टाकलं.

शुक्रवारी तीन वाजता निरीक्षक चौथ्या इंजेक्शनसाठी हजर. बरोबर बायको.

“साहेब, वहिनी, बसा,” डॉक्टर म्हणाले. “एक सांगायचंय. हे आपण थांबवतोय.”

“का?” निरीक्षकांनी विचारलं.

“उपयोग होतोय असं दिसत नाही म्हणून.”

“कोणी सांगितलं?”

“तुमच्याच आकड्यांनी.”

निरीक्षक दुखावले. “मी कधीही उपयोग होत नाही असं लिहिलेलं नाही.”

“होतो असंही लिहिलेलं नाही.”

“अहो, द्या ना त्यांना ते इंजेक्शन,” बायको मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती, आणि डॉक्टर चकित झाले. कारण मंगळवारी याच बाई तावातावाने बोलत होत्या. “दुखतंय ते दुखतंय, मी काय खोटं बोलले का? पण ते घेतलं, की चार-पाच दिवस हा माणूस दोन्ही हातांनी भांडतो.”

“काय?”

“एरवी माझ्याशी भांडताना उजवा हात खिशात असतो. नुसता डावा उडवतात, अर्धवट. मलाच बरं वाटत नाही. असं वाटतं, लंगड्याशी शर्यत लावलीय. इंजेक्शन घेतलं, की दुसऱ्या दिवशी उजवा बाहेर येतो. पहिल्या वेळी मला वाटलं, राग जास्त आलाय. पण तिन्ही वेळा तसंच झालं. गेल्या वेळी तर सहा दिवस. सहाव्या दिवशी टेबलावर मूठ आपटली.”

“कुठली मूठ?” डॉक्टर उभे राहिले.

“उजवी.”

“मी?” निरीक्षक म्हणाले. “मूठ? शक्य नाही. नोंद नाही.”

“तुम्ही भांडताना नोंद करता का?”

डॉक्टरांनी घाईघाईने सतरा नंबरची वही आणि निरीक्षकांच्या खिशातली डायरी शेजारी शेजारी उघडली. मूठ आपटल्याचा दिवस शोधला. सकाळी मूळचं सात, वर एक. संध्याकाळी वर एक. आदल्या दिवशीही तेच, नंतरच्या दिवशीही तेच.

“साहेब, त्या दिवशी दुखत नव्हतं का?”

“इथे लिहिलंय ना. एकूण आठ.”

“मग मूठ कशी आपटलीत?”

निरीक्षकांनी आठवून पाहिलं. “विषय महत्त्वाचा होता,” ते म्हणाले. “हिचा भाऊ आमच्याकडे महिनाभर राहायला येणार होता.”

इथेच डॉक्टरांचं घोडं पेंड खाऊ लागलं. हात हलला होता. दुखणं आकड्यात जिथल्या तिथे होतं. मग हात सोडला कोणी? इंजेक्शनने, का मेव्हण्याने? पण मेव्हणा एकदाच येणार होता, आणि उजवा हात तिन्ही वेळा बाहेर आला होता. घंटा वाजतच असेल, आणि तरी माणूस उठून दार न उघडता आपलं काम करू लागला असेल, तर त्याला बरं होणं म्हणतात का? त्यांना कळेना. नऊ वर्षांत त्यांना इतकं नीट, इतकं ठळक असं काही न कळल्याचं आठवत नव्हतं.

“आत्ता भांडता का जरा?” त्यांनी विचारलं.

“आत्ता? इथे?”

“पाचच मिनिटं. मला फक्त हात बघायचेत. आधी कसे असतात ते.”

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने पदर सारखा केला. “भांडायचं कशावरून?” ती संकोचून म्हणाली. “तसे हे स्वभावाने चांगले आहेत हो.”

“हिच्यासारखं घर सांभाळणारी मिळणार नाही,” निरीक्षक म्हणाले.

“भाऊ कधी येणार होता?” डॉक्टरांनी चूड लावून पाहिली.

“आला की! फार भला माणूस,” निरीक्षक म्हणाले.

दोघं एकमेकांकडे पाहून इतकं गोड हसली, की डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी हात धुतले आणि चौथं इंजेक्शन भरलं; काम पाच वाजेपर्यंत चालू होतं आणि हे इंजेक्शन त्या कामातलंच होतं. सुई आत जाताना निरीक्षक कळवळले. पुढचे दोन तास हात बधिर राहणार होता. आजचं काही खरं धरता येणार नव्हतं.

“वहिनी, उद्यापासून तुम्ही लिहायचं,” डॉक्टर म्हणाले. “आकडा नको. काय झालं आणि कुठला हात, एवढंच. आणि मुद्दाम भांडायचं नाही.”

“मुद्दाम कशाला लागतंय?” ती म्हणाली.

“मग मी काय लिहू?” निरीक्षकांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या हातून माप काढून घेतलं होतं.

“तुम्ही विश्रांती घ्या.”

पावणेपाचला मंडळाचा कारकून कागद न्यायला आला. डॉक्टरांनी पेन्सिलीची खूण खोडली होती. दोन्ही चौकोन कोरे होते, आणि खाली शाईने चार ओळी होत्या: मोजण्याची पद्धत चुकली, रुग्णांची नव्हे, माझी. सहा आठवडे द्यावेत. नव्याने, घरच्या माणसांकडून माहिती घेईन.

कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला. “साहेब, कोरा चौकोन म्हणजे बंद. तुम्हाला ठाऊक आहे.”

“आहे.”

“मुदतवाढीचा अर्ज मुदतीच्या आधी आठ दिवस करायचा असतो.”

“आठ दिवसांपूर्वी मला सगळं कळत होतं हो,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा कशाला मागितली असती?”

कारकुनाने कागदाची घडी घातली. “मी देतो नेऊन,” तो म्हणाला. “वाचतील का नाही, सांगता येत नाही. पडदेवाले सोमवारी येतो म्हणालेत.”

तो गेल्यावर डॉक्टरांनी शिवणकाम करणाऱ्या बाईचा नंबर फिरवला. पलीकडे एक तरुण आवाज आला. आई बाहेर गेल्यात, मी त्यांची सून बोलतेय, म्हणाला.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “मी रुग्णालयातून बोलतोय. तुमच्या सासूबाईंच्या हाताबद्दल विचारायचं होतं. तुम्हाला ओरडताना त्या कुठला हात पुढे करतात?”

पलीकडचा आवाज खाली आला.

“कोण बोलतंय?”

“डॉक्टर. इंजेक्शनवाले.”

“अच्छा,” सूनबाई सावधपणे म्हणाली. “थांबा हं, त्या आल्याच बघा जिन्यात. त्यांनाच देते फोन.”

“नको, नको!” डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. “त्यांना नका विचारू. तुम्हीच सांगा.”